गाडी उशिरा आली. भुर्दंड कुणाच्या माथी?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एका जंक्शनच्या फलाटावर आम्ही पन्नाससाठ माणसे मुंबईकडच्या रातगाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडी साडेदहाची. आधी ‘एक तास उशिरा’ अशी घोषणा झाली, मग ‘दोन तास’, आणि बाराच्या सुमाराला ‘चार तास’. दर वेळी भोंग्यातली बाई तितक्याच गोड आवाजात गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करी. माझ्या शेजारच्या बाकावर एक काका, त्यांची सून आणि सात-आठ वर्षांचा नातू बसले होते. नातवाच्या पायाची शस्त्रक्रिया मुंबईच्या दवाखान्यात ठरलेली. सकाळी नऊला हजर व्हायचे, नाहीतर पुढची तारीख दोन महिन्यांनी. काकांची घालमेल मी पाहत होतो. शेवटी ते स्टेशनाबाहेर गेले, एका जीपवाल्याशी सात हजारांत ठरवून आले, नातवाला खांद्यावर घेतले आणि निघाले. गाडी पावणेतीनला आली.

पुढे महिना-दीड महिन्याने काका आठवड्याच्या बाजारात भेटले. पोराचा पाय सुधारला होता, त्यामुळे चेहरा हसरा. पण सात हजारांचे शल्य होतेच. म्हणाले, “जीपचे पैसे तर गेलेच, गाडीचं तिकीटही खिशातल्या खिशात जिरलं. सालगड्यानं कामाला उशीर केला तर आपण त्याला जाब विचारतो. गाडीनं चार तास उशीर केला तर तिला विचारणारं कुणी आहे का नाही? दावा लागतो का ह्याच्यावर?”

दावा लागतो. पण कुठे, कशाचा आणि किती, याचा उलगडा एका वाक्यात होत नाही. शिवाय काकांच्या बोलण्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. तिकिटाचे पैसे परत मिळणे हा परतावा. उशिरामुळे झालेले नुकसान भरून मिळणे ही भरपाई. परतावा नियमात लिहिलेला आहे, तो मागितला की मिळतो. भरपाई भांडून मिळवावी लागते. बहुतेक माणसे या दोहोंत गल्लत करतात आणि दोन्ही गमावून बसतात.

खिशात राहिलेले तिकीट

आधी परताव्याचे पाहू, कारण तो सोपा आहे आणि काकांना तो हमखास मिळाला असता. रेल्वेचे तिकीट रद्द करण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम २०१५ साली नव्याने झाले. त्यांत स्पष्ट म्हटले आहे की, तुम्ही जिथे बसणार त्या स्टेशनावर गाडी तीन तासांहून अधिक उशिरा असेल आणि तुम्ही तिने जायचे नाही असे ठरवले, तर आरक्षित तिकिटाचे पूर्ण पैसे परत मिळतात. कापाकापी नाही. अट एकच आणि ती मोठी कडक आहे: गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत तिकीट परत केले पाहिजे. खिडकीवर काढलेले असेल तर खिडकीवर द्यायचे. मोबाईलवर किंवा तालुक्याच्या दुकानातून काढलेले असेल, तर तिथूनच परताव्याचा अर्ज, ज्याला टी.डी.आर. म्हणतात, तो गाडी सुटण्यापूर्वी भरायचा.

काकांचे तिकीट खिडकीचे होते. जंक्शनची खिडकी रात्रीही उघडी होती. साडेबाराला जीपमध्ये बसण्याआधी ते तिघांचे तिकीट आत सरकवते तर पैसे हातात पडले असते. पण हे त्यांना कुणी सांगितले नाही, आणि खरे सांगायचे तर शेजारी बसलेल्या मलाही त्या वेळी सुचले नाही. उशीर किती झाला हे भोंगा दहादा सांगतो. पैसे परत मिळतात हे मात्र एकदाही सांगत नाही.

इथे आणखी एक गैरसमज काढून टाकू. हे तीन तास आपल्या चढण्याच्या स्टेशनावरचे. गाडी आपल्याकडून वेळेवर सुटली आणि वाटेत कुठे चार तास रखडली, तर या नियमाने काही मिळत नाही. तसेच उशिराच्या गाडीने प्रवास केला, तरीही नाही. मात्र पुढच्या गाडीचे तिकीट पहिलीला जोडून काढलेले असेल आणि पहिली उशिरा पोचल्यामुळे दुसरी चुकली, तर न झालेल्या प्रवासाचे भाडे परत मागता येते. त्यालाही मुदत आहे: पहिली गाडी पोचल्यापासून तीन तास.

अडीचशे रुपयांची नवलाई

आता भरपाई. गाडीला उशीर झाला म्हणून प्रवाशाला आपणहून पैसे द्यायचे, ही चाल आपल्या देशात फारशी कधी नव्हती. एकदा मात्र तसा प्रयोग झाला. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी लखनौ ते दिल्ली अशी तेजस एक्सप्रेस सुरू झाली. ती चालवायला दिली होती रेल्वेच्याच आय.आर.सी.टी.सी. या कंपनीकडे. तिने जाहीर केले की, गाडी तासाहून अधिक उशिरा पोचली तर माणशी १०० रुपये आणि दोन तासांहून अधिक उशिरा पोचली तर २५० रुपये. पंधरवडा उलटला नाही तोच, १९ ऑक्टोबरला, कानपूरकडे एक गाडी रुळांवरून घसरल्यामुळे तेजसला तीन तासांवर उशीर झाला आणि जातायेतानाचे मिळून साडेनऊशेच्या आसपास प्रवासी अडीचशे रुपयांचे धनी झाले. पुढे जानेवारी २०२० मध्ये मुंबई–अहमदाबाद तेजसलाही असाच उशीर झाला, तेव्हा शंभर-शंभर रुपये देण्याचे ठरले.

वर्तमानपत्रांनी त्याचे मोठे कौतुक केले. पण फेब्रुवारी २०२४ मध्ये ही योजना गुपचूप बंद झाली. ती बंद झाल्याचे लोकांना कळले तेही माहितीच्या अधिकारात कुणीतरी विचारल्यावर. रेल्वेच्या इतर हजारो गाड्यांना तर ती कधी लागूच नव्हती. म्हणजे उशिराबद्दल आपोआप भरपाई देणारी व्यवस्था आपल्याकडे आली, चार वर्षे टिकली आणि गेली. युरोपातल्या देशांत हाच कायदा आहे. तिथे तासाभराच्या वर उशीर झाला तर तिकिटाचा चौथा हिस्सा आणि दोन तासांच्या वर झाला तर निम्मे पैसे परत मागता येतात. जपानात जलद गाडी दोन तास वा अधिक उशिरा पोचली तर जलद गाडीचा जादा आकार परत करतात. आपल्याला तूर्त तो रस्ता नाही. आपला रस्ता ग्राहक आयोगाच्या दारातून जातो.

जम्मूला चुकलेले विमान

त्या दारातून गेलेल्या एका गृहस्थांचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. या विषयात तो दावा सर्वांत मोलाचा आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

राजस्थानातले हे गृहस्थ जून २०१६ मध्ये कुटुंबासह अजमेर–जम्मू एक्सप्रेसने निघाले. गाडी सकाळी ८ वाजून १० मिनिटांनी जम्मूला पोचायची होती. तिथून श्रीनगरचे विमान दुपारी बाराचे. मधे जवळजवळ चार तासांची फट ठेवली होती. कुणीही शहाणा माणूस एवढीच ठेवील. पण गाडी जम्मूला पोचली तीच बारा वाजता. विमान गेले. मंडळींना श्रीनगरपर्यंत टॅक्सी करावी लागली, तिचे १५,००० रुपये. दल सरोवरातल्या नावेसाठी आधी भरलेले १०,००० रुपये बुडाले ते वेगळेच.

या गृहस्थांनी अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाकडे तक्रार केली. रेल्वेचे म्हणणे असे की, आमच्या भाडेपुस्तकातल्या ११४ आणि ११५ क्रमांकाच्या नियमांत लिहिले आहे: गाडी वेळेवर सुटेल वा पोचेल याची हमी रेल्वे देत नाही, आणि उशिराने होणाऱ्या नुकसानीची जबाबदारीही घेत नाही. जिल्हा मंचाने ते मानले नाही. रेल्वे राज्य आयोगाकडे गेली, हरली. दिल्लीला राष्ट्रीय आयोगाकडे गेली, तिथेही हरली. मग सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ सप्टेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती एम. आर. शहा आणि न्यायमूर्ती अनिरुद्ध बोस यांनी निकाल दिला, आणि रेल्वे चौथ्यांदा हरली. टॅक्सीचे १५,०००, बुडालेल्या नावेचे १०,०००, मनस्तापाचे ५,००० आणि दाव्याच्या खर्चाचे ५,००० असे एकूण ३५,००० रुपये देण्याचा हुकूम कायम झाला.

पस्तीस हजारांसाठी उत्तर पश्चिम रेल्वेने चार पायऱ्या चढाव्यात, वकिलांच्या फिया भराव्यात, याचे पुष्कळांना नवल वाटेल. मला वाटत नाही. बांधावरच्या हातभर जमिनीसाठी आपणही तेच करतो. रेल्वेला भीती पस्तीस हजारांची नव्हती, पायंडा पडेल याची होती.

आणि पायंडा पडला. न्यायालयाने जे म्हटले त्याचा मथितार्थ असा: गाडीला उशीर का झाला याचा खुलासा रेल्वेने करायचा आहे. उशिराचे कारण आपल्या ताब्याबाहेरचे होते, किंवा तो उशीर रास्त होता, हे पुराव्याने दाखवले तर रेल्वे सुटली. पण तसा खुलासाच केला नाही, पुरावाच दिला नाही, तर सेवेत कसूर झाली असे धरून भरपाई द्यावी लागेल. प्रवाशाचा वेळ मोलाचा असतो, त्याने पुढचा प्रवास ठरवलेला असू शकतो, त्याला प्रशासनाच्या मेहेरबानीवर सोडता येत नाही. त्या दाव्यात रेल्वेने नियम दाखवला, पण गाडी का रखडली याचा पुरावा काही दिला नव्हता. तिथेच ती अडकली.

वाचकांनी एवढे मात्र नीट लक्षात ठेवावे की, गाडी उशिरा आली की पैसे मिळालेच, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर–वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती हे पुष्कळांना आठवत असेल. सुमारे हजार माणसे नावांतून बाहेर काढावी लागली. उल्हास नदी रुळांवर आली त्याचा जाब कुणाला विचारणार? असल्या वेळी दाव्याचा विचारही कुणी करू नये. उत्तरेकडच्या दाट धुक्याचेही बहुधा तेच. पण लख्ख ऊन पडले आहे, रूळ मोकळे आहेत, आणि गाडी बाजूच्या रुळावर दीड तास का उभी आहे ते गार्डालाही सांगता येत नाही, असा उशीर असेल तर गोष्ट वेगळी.

कागद नाही तर दावा नाही

आता व्यवहाराचे बोलू. उशिराचा खुलासा रेल्वेने करायचा हे खरे, पण नुकसान किती झाले हे आपणच दाखवायचे असते. इथे आपल्याकडची माणसे मार खातात. तोंडी व्यवहाराची आपल्याला सवय. जीपवाल्याला सात हजार दिले, पण चिठ्ठी? ती घेतली नाही. दवाखान्याची तारीख हुकली, पण तारखेचा कागद? तो फाटला. तिकीट? ते सुनेने फेकून दिले. असा रिकाम्या हातांचा दावा टिकत नाही.

म्हणून उशीर झाला त्याच रात्री कामाला लागावे. तिकीट जपावे. गाडी किती वाजता आली हे रेल्वेच्या मोबाईलवरच्या माहितीत दिसते. घरातल्या शिकल्यासवरल्या पोराला त्याचे चित्र काढून ठेवायला सांगावे, कारण चार-आठ दिवसांनी ती माहिती सापडणे कठीण. १३९ या क्रमांकावर तक्रार नोंदवली की तिचा नंबर मिळतो, तो लिहून ठेवावा. स्टेशन मास्तरांच्या कचेरीत तक्रारवही मागून दोन ओळी लिहिल्या तरी चालतात. खाजगी गाडी केली तर भाडे शक्यतो फोनवरून द्यावे म्हणजे बँकेत नोंद राहते. रोख दिले तर गाडीचा नंबर, तारीख आणि रक्कम लिहून ड्रायव्हरची सही घ्यावी. आणि ज्या कामासाठी निघालो त्याचा कागद, मग तो मुलाखतीचा बोलावा असो, परीक्षेचे प्रवेशपत्र असो, कोर्टाचे समन्स असो की दवाखान्याची चिठ्ठी, तो तर सांभाळलाच पाहिजे. आपण पोचायला पुरेसा वेळ राखून निघालो होतो हे त्यावरूनच दिसते. गाडी नऊला पोचणार आणि परीक्षा सव्वानऊला, असा हिशेब करून निघालेल्या माणसाची बाजू लंगडीच पडते.

तक्रार करायला दिल्लीला वा मुंबईला जावे लागत नाही. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० मध्ये अमलात आला, तेव्हापासून आपण जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दावा लावता येतो. जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील दिलाच पाहिजे असे नाही. साध्या मराठीत, काय घडले, किती खर्च झाला आणि काय मागतो हे लिहून कागद जोडले की पुरते. घरी बसून संगणकावरूनही अर्ज देता येतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची. आधी रेल्वेच्या विभागीय कचेरीला रजिस्टर पत्र पाठवावे हे बरे. कधी कधी तेवढ्यानेही काम होते, आणि न झाले तर पत्राची पोच पुराव्याला लागते. काही अडले तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे.

आयोगापुढे रेल्वेचे वकील आणखी एक मुद्दा काढतात. ते म्हणतात, रेल्वेवरच्या दाव्यांसाठी १९८७ च्या कायद्याने वेगळे न्यायाधिकरण आहे, तुमचा इथे अधिकारच नाही. त्याने गांगरू नये. त्या न्यायाधिकरणाकडे अपघातातली भरपाई, मालाचे नुकसान आणि भाड्याचा परतावा हे विषय सोपवले आहेत. गाडीच्या उशिरामुळे झालेला जादा खर्च आणि मनस्ताप त्यांत बसत नाही. जम्मूचा दावाही ग्राहक मंचापासूनच वर गेला होता.

आमचे एक स्नेही रेल्वेत नोकरी करून निवृत्त झाले. त्यांना हे सारे पटत नाही. ते म्हणतात, “एवढ्या स्वस्तात एवढी माणसं वाहून न्यायची, एकाच रुळावरून माल आणि माणसं दोन्ही न्यायची, आणि वर उशिराचे पैसे द्यायचे? मग भाडं वाढवा.” त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. सरसकट प्रत्येक उशिराला पैसे द्यायचे म्हटले तर ते शेवटी आपल्याच खिशातून जातील. पण ज्याचे खरोखर नुकसान झाले आणि ज्याने ते कागदाने दाखवले, त्याला नाही म्हणायला स्वस्त भाडे ही सबब पुरत नाही. भाडे स्वस्त म्हणून गाडीने जाणारा माणूस गरीब असतो, आणि सात हजारांची जीप त्यालाच सर्वांत जड जाते.

माणसाचे झाले, मालाचे काय?

आपल्या वाचकांत बागायतदार पुष्कळ आहेत. माणूस चार तास उशिरा पोचला तर कंटाळतो. केळी चार दिवस उशिरा पोचली तर काळी पडतात. रावेर-सावद्याची केळी रेल्वेने दिल्लीकडे जातात हे जुनेच आहे. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल्वे निघाली ती आपल्या देवळालीहूनच, बिहारमधल्या दानापूरला. माल वाहणाऱ्या वाघिणी वाटेत रखडल्या तर काय, हे १९८९ च्या रेल्वे कायद्यात आहे, आणि गंमत अशी की तिथे नियम प्रवाशांपेक्षा अधिक स्वच्छ आहे. उशिरामुळे माल बिघडला हे मालवाल्याने दाखवायचे. मग तो उशीर आपल्या ताब्याबाहेरच्या कारणाने झाला, किंवा त्यात आपला हलगर्जीपणा नव्हता, हे सिद्ध करायचे ओझे रेल्वेवर.

मात्र दोन ठिकाणी शेतकरी फसतो. पहिले म्हणजे माल कुठल्या दराने लावला ते. मालकाच्या जोखमीचा दर थोडा स्वस्त पडतो म्हणून तो घेतला, तर हलगर्जीपणा झाला हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. रेल्वे पावतीवर ते लिहिलेले असते. अडत्यावर न सोडता स्वतः वाचावे. दुसरे म्हणजे नोटीस. माल रेल्वेच्या हवाली केल्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आत लेखी नोटीस रेल्वेला गेलीच पाहिजे. ती चुकली की पुढचा दावा कितीही खरा असो, संपला. माल खराब दिसला तर पलीकडच्या स्टेशनावर तसाच उचलू नये. उघडून, मोजून, नुकसान लिहून मगच ताब्यात द्या असे आपल्या माणसाने सांगावे. तशी मागणी केली तर रेल्वेला ती मान्य करावी लागते. मालाचे हे दावे ग्राहक आयोगाकडे नव्हे, रेल्वेच्या न्यायाधिकरणाकडे जातात. आपल्या राज्यात त्याची पीठे मुंबईला आणि नागपूरला आहेत.

काकांना हे सारे बाजारात उभ्या उभ्या सांगितले. तिकिटाचा परतावा गेला तो गेला, त्याला आता इलाज नाही. पण दवाखान्याचा तारखेचा कागद सुनेने पोराच्या फायलीत जपून ठेवला होता. तिकीटही त्याच फायलीत निघाले. राहिली जीपवाल्याची चिठ्ठी. काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, “त्याचा फोन नंबर पोराच्या मोबाईलमध्ये आहे. परवा तिकडं बी-बियाण्याला जायचंच आहे, गाठून लिहून घेतो. दोन वर्षं आहेत म्हणता ना?” मी म्हटले, आहेत, पण तो जीपवाला तोवर तुम्हाला ओळखील याची खात्री नाही, तेव्हा परवा जाच. आणि जिल्ह्याला जाल तेव्हा मूळ कागद देऊ नका, झेरॉक्स द्या.